घरातल्याला नशेच्या केसमधे उचललंय आणि वकिलाला पैसे नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅरा लीगल व्हॉलंटिअर आहे, वकील नाही. कोर्टाच्या आवारात विधी सेवेच्या टेबलावर बसल्यावर आया, बायका, भाऊ येऊन जे विचारतात तेच खाली लिहिलंय. सगळं महाराष्ट्रातल्या कोर्टांपुरतं आहे. आधीच एक सांगून ठेवतो, व्यसनी माणसाला जेलऐवजी उपचार मिळावेत अशी सोय आपल्या कायद्यात आहे, पण ती आपणहून कुणी हातात ठेवत नाही, मागावी लागते आणि लवकर मागावी लागते.

माझ्या भावाला गांजा ओढताना पकडलंय. आता सरळ जेलच का?

नाही, तसं ठरलेलं काही नाही. नशा केल्याचा गुन्हा एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) कलम २७ खाली येतो. कोकेन, मॉर्फीन, हेरॉईन (आपल्याकडची ब्राऊन शुगर यातच) असेल तर जास्तीत जास्त १ वर्ष किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गांजा वगैरे बाकीच्या पदार्थांना जास्तीत जास्त ६ महिने किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. जवळ थोडा माल सापडला तर बाळगल्याचं वेगळं कलम लागतं, त्यातही मात्रा अल्प असेल तर १ वर्षापर्यंतच. या केसेस मॅजिस्ट्रेटसमोरच चालतात, स्पेशल कोर्टात जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट. याच कायद्यात कलम ६४ए आहे. कलम २७ चा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला माणूस व्यसनी असेल, आणि स्वतःच्या इच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार असेल आणि ते घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. शिक्षा कमी होते असं नाही, खटलाच चालत नाही. ज्यांच्यासाठी हे कलम केलंय त्यातल्या कितीतरी जणांना ते माहीतच नसतं, ते गुन्हा कबूल करतात, दंड भरतात, नाहीतर भोगून येतात आणि पुन्हा त्याच नाक्यावर जाऊन उभे राहतात. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

अल्प मात्रा म्हणजे किती?

पदार्थागणिक वेगळी. गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, ब्राऊन शुगर ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन २ ग्रॅम. याच्या वर गेलं की ६४ए चा दरवाजा बंद.

ब्राऊन शुगरवाल्यांच्या घरच्यांनी हे नीट वाचा. पुडीत भेसळच जास्त असते, त्यामुळे लोक म्हणतात की खरा माल तर अर्धा ग्रॅम पण नसेल. पण सुप्रीम कोर्टाने २०२० मधे हिरा सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलंय की भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. म्हणून पंचनाम्यात वजन किती लिहिलंय ते वकिलाला पहिल्या दिवशी बघायला लावा, पुडीच्या कागदाचं किंवा प्लॅस्टिकचं वजन त्यात धरलंय का हेही. गांजाच्या बाबतीत कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, नुसती पानं आणि बिया नाहीत, तेव्हा जप्त काय केलंय याचं वर्णनही महत्त्वाचं.

तो "व्यसनी" आहे हे कोण ठरवणार? पोलीस की आम्ही?

दोघंही नाही. डॉक्टरचा कागद लागतो, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. कायद्यात व्यसनी म्हणजे ज्याला त्या पदार्थाचं अवलंबित्व आहे तो. मित्रांसोबत एकदा ओढला, पार्टीत एकदा घेतलं, तो या व्याख्येत बसत नाही. मग केसपेपरवर डॉक्टरने नुसतं "गांजा घेतो" असं लिहिलं असेल तर सरकारी वकील उभा राहून म्हणतो की घेतो म्हणजे व्यसनी कुठे, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नसतं.

म्हणून सायकियाट्रीच्या डॉक्टरकडून नीट तपासणी करून घ्यायची. ते काय बघतात? किती वर्षांपासून घेतोय, रोज किती लागतं, मात्रा वाढत गेली का, नाही मिळालं तर अंगाला काय होतं, सोडायचा प्रयत्न केला आणि जमला नाही असं झालंय का, कामधंदा सुटला का, घरात पैशावरून भांडणं होतात का, त्रास होतोय हे कळूनही चालूच आहे का. काही ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली भरून घेतात. सोबत रक्त लघवी, लिव्हर, सुईने घेत असेल तर एचआयव्ही आणि कावीळ, शिवाय डिप्रेशन किंवा दुसरा मानसिक आजार आहे का तेही. शेवटी कागदावर निदान पाहिजे, अमुक पदार्थाचं अवलंबित्व आहे, इतके दिवस भरती किंवा ओपीडी उपचार लागतील, खाली सही, शिक्का, तारीख.

लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे काम झालं असं समजू नका. टेस्टने एवढंच कळतं की अलीकडे घेतलंय. ब्राऊन शुगर दोनतीन दिवसांत लघवीतून जाते, रोज गांजा ओढणाऱ्याची टेस्ट काही आठवडेसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते, पण अवलंबित्व आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

घरच्यांनी डॉक्टरकडे सोबत जायचंच. पेशंट निम्मं लपवतो. जुने कागद असतील ते न्या, आधी कुठे भरती केलं होतं, फिट आली होती, कामावरून काढल्याचं पत्र, काहीही.

वकिलाला द्यायला पैसेच नाहीत, मग?

मग सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मिळतो, आणि बाई असेल, अनुसूचित जाती जमातीतला असेल, दिव्यांग असेल तर उत्पन्न विचारतच नाहीत. आणि हे फार कमी जणांना माहीत आहे, जो कस्टडीत आहे, म्हणजे लॉकअपमधे किंवा जेलमधे, त्यालाही उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारण्यात रिमांडचा दिवस घालवू नका.

जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका समिती. जेलमधे लीगल एड क्लिनिक असतं, आत असलेला माणूस तिथून अर्ज देऊ शकतो. फोनवर विचारायचं तर १५१००. आणि पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर तुला वकील पाहिजे का, सरकारी खर्चाने मिळेल, हे आरोपीला सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, सुप्रीम कोर्टाने २०१२ मधे कसाबच्या निकालात हे बजावून सांगितलंय. तर आत असलेल्याला एवढंच शिकवून ठेवा, साहेबांनी विचारलं की "वकील पाहिजे" म्हणायचं, मान खाली घालून गप्प उभं राहायचं नाही.

फुकटचा वकील लक्ष देत नाही म्हणतात ना सगळे?

काही देत नाहीत, खोटं कशाला बोलू. पण पैसे घेऊन तारखेला न येणारेही आहेतच. २०२२ पासून लीगल एड डिफेन्स कौन्सिल म्हणून नवीन पद्धत आली आहे, त्यात वकील पूर्णवेळ याच कामाला असतात, खासगी केसेस घेत नाहीत, आणि ऑफिसमधे जाऊन भेटता येतं. तुमचं काम एवढंच की वकिलाला पहिल्याच भेटीत सांगायचं, "हा व्यसनी आहे, आम्हाला ६४ए मधे उपचार पाहिजेत." वकिलाच्या हातात एका दिवसात इतक्या फायली असतात की तुम्ही सांगितलं नाही तर तो साधा जामिनाचा अर्ज टाकून मोकळा होईल. वकील ऐकतच नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज देऊन बदलून मागता येतो.

आत टाकल्यावर त्याचे हातपाय थरथरतायत, उलट्या होतायत. पोलीस म्हणतात नाटक करतोय.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण यात माणूस दगावू शकतो.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोण कुठे कळत नाही, घाम, ताप. याला डॉक्टर डीटी म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर जीव जातो. झोपेच्या गोळ्या, ज्याला पोरं बटण किंवा कुत्ता गोळी म्हणतात, त्या एकदम बंद झाल्या तरी फिट येते. ब्राऊन शुगरची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, ८ ते १२ तासांत सुरू होते, जांभया, नाक डोळे वाहणं, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. टर्कीने सहसा जीव जात नाही, पण जुलाब उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तर जाऊही शकतो, आणि त्या अवस्थेत पोरगं कुठल्याही कागदावर सही करून मोकळं होतं.

अटक झाल्यावर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच पाहिजे, बीएनएसएस (म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम ५३, आणि तिची एक प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला मिळते. तेव्हा पोलिसांना, डॉक्टरला, आणि २४ तासांच्या आत कोर्टात नेतील तेव्हा मॅजिस्ट्रेटला, तिघांनाही सांगायचं की हा रोज अमुक एवढं घेतो, शेवटचं अमुक वाजता घेतलं, आधी फिट आली होती. मॅजिस्ट्रेटला तोंडी सांगून थांबू नका, साध्या कागदावर दोन ओळी लिहून वकिलामार्फत द्या आणि रोजनाम्यात (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याच्या नोंदीत) लिहून घ्यायला सांगा. ही नोंद उद्या ६४ए च्या अर्जातही कामाला येते, कारण कस्टडीत टर्की आली याचा सरकारी कागद म्हणजे अवलंबित्वाचा चांगला पुरावा झाला.

आणि सुटून आल्यावरची एक भीती. जेलमधे महिना दोन महिने नशा बंद असली की शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्या आल्या जुन्याच मात्रेत ब्राऊन शुगर घेतली तर ओव्हरडोस होऊन माणूस जातो. पहिले काही दिवस त्याला एकटं सोडू नका.

डॉक्टरला सगळं खरं सांगितलं तर तेच केसमधे उलटेल का?

किती घेतो, कधीपासून, शेवटचं कधी, हे डॉक्टरला खरंच सांगायचं, औषधाचा डोस त्यावर ठरतो. पण माल कुणाकडून आणला, कुणाला दिला, हे उपचारासाठी लागत नाही, ते फक्त वकिलाशी बोला. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, पण कोर्टाने मागितली तर डॉक्टरला द्यावी लागू शकते, वकिलाशी बोललेल्याला त्यापेक्षा जास्त संरक्षण आहे. ६४ए चा अर्ज म्हणजे आपण व्यसनी आहोत हे मान्य करणं आलंच, म्हणून मात्रा खरंच अल्प आहे का, दुसरी कलमं लागलीत का, हे वकिलाने बघितल्याशिवाय अर्ज टाकू नका. माल त्याचा नव्हताच असं असेल तर रस्ताच वेगळा.

अर्ज कधी आणि कसा करायचा?

जितक्या लवकर तितकं बरं. अर्ज आरोपीच्या नावाने, त्याच्या सहीने, त्याच कोर्टात. त्यात लिहायचं की मी व्यसनी आहे, स्वतःहून उपचार घ्यायला तयार आहे, अमुक हॉस्पिटलमधे घेणार, आणि सोबत निदानाचा कागद. कागद नसेल तर आधी तपासणीला पाठवा अशी विनंती त्याच अर्जात करायची, कस्टडीत असेल तर पोलीस बंदोबस्तात सरकारी हॉस्पिटलला नेतात. कोर्ट सरकारी वकिलाचा "से" म्हणजे लेखी म्हणणं मागवतं, त्यात एकदोन तारखा जातात, घाबरू नका.

"स्वतःहून" हा शब्द खरा पाहिजे बरं का. आईने रडून सही करायला लावली आणि कोर्टाने विचारल्यावर तो म्हणाला मला काही व्यसन नाही, तर तिथेच संपलं.

कुठलं हॉस्पिटल चालतं? प्रायव्हेट सेंटरवाले महिन्याचे हजारो मागतात.

कायदा म्हणतो सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेलं किंवा मान्यता दिलेलं. म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग चालतो, पुण्यात ससून, मुंबईत केईएमसारखं महापालिकेचं हॉस्पिटल चालतं, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं चालतात. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर संस्था चालवतात ती व्यसनमुक्ती केंद्रंही आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचे असतात, आणि बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. कुठेही जा, मान्यतेचं पत्र आणि नोंदणी नंबर आधी मागा आणि त्याची झेरॉक्स अर्जाला लावा. जवळचं केंद्र कुठलं हे १४४४६ या नशामुक्तीच्या हेल्पलाइनवर विचारता येतं.

सुईने घेणाऱ्यांसाठी सरकारी ओएसटी सेंटर आहेत, तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी समोर बसवून देतात, फुकट. एका नशेऐवजी दुसरी देतात अशी ओरड होते, ती मला पटत नाही. त्या गोळीवर माणूस रोज कामाला जातो, सुई सुटते, एचआयव्हीचा धोका कमी होतो.

घरच्यांनीच पोराला उचलून सेंटरला टाकलं तर चालेल का? तिथे मारतात म्हणे.

मारणारी, साखळीने बांधणारी सेंटर आहेत, होय. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे आणि असं सेंटर नोंदणीशिवाय चालवताच येत नाही. तुमची हतबलता मला समजते, रात्री तीनला घरातलं सामान फोडणाऱ्या पोराचं काय करायचं हे सांगणं सोपं नाही. पण अशा सेंटरचा कागद कोर्टात काही कामाचा नाही आणि पोरगं आणखी बिघडून येतं.

जामीन मंजूर झाला पण जामीनदार नाही.

एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत असं मुंबई हायकोर्टाने २०२० मधे सांगितलंय, म्हणजे पोलीस ठाण्यातून सुटका नाही, कोर्टातच मागावी लागते. पण कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी व्यावसायिक मात्रेला (कायद्याने ठरवलेल्या मोठ्या मात्रेला) आणि मोजक्या गंभीर कलमांना आहेत, अल्प मात्रेला नाहीत. अर्जात उपचाराची तयारी लिहून हॉस्पिटलची तारीख जोडली तर न्यायाधीशांनाही काहीतरी हातात मिळतं.

जामीनदार, सॉल्व्हन्सी (जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला), रेशनकार्ड, यातच गरीब माणूस अडकतो. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मधे सांगितलंय की जामीन मिळूनही ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात बंधपत्र भरता आलं नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. तुम्ही वाट बघू नका, वकिलाला रक्कम कमी करण्याचा किंवा वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याचा अर्ज लगेच टाकायला सांगा. गरीब कैद्यांना जामिनाचे पैसे देणारी केंद्राची २०२३ ची योजना आहे, पण त्यातून एनडीपीएसचे आरोपी वगळलेत. मला हे अन्यायाचं वाटतं, पाचशे रुपयांच्या गांजात सापडलेल्या हमालाला तस्कराच्या रांगेत बसवलंय.

पूर्वी कधी शिक्षा झाली नसेल तर बीएनएसएस कलम ४७९ लक्षात ठेवा, जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा हक्क येतो. ६ महिन्यांच्या गुन्ह्यात म्हणजे २ महिने. मात्र दुसरी केस चालू असेल तर हे लागू होत नाही.

उपचार मधेच सोडले, किंवा परत घेतली तर?

उपचार पूर्ण केले नाहीत तर सूट काढून घेता येते आणि खटला परत सुरू होतो. पण घसरणं आणि उपचार सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसन हा शुगर बीपीसारखा परत डोकं वर काढणारा आजार आहे, एकदा घसरला म्हणून सगळं गेलं असं नाही. घसरला की लपवू नका, डॉक्टरकडे परत न्या, फॉलोअपच्या कागदावर नोंद होऊ दे. कोर्टात तारखेला गैरहजर राहून वॉरंट निघण्यापेक्षा "घसरला होता, परत उपचार चालू केले" असा डॉक्टरचा कागद हजार पटीने बरा.

अर्ज फेटाळला आणि दोषी ठरला, मग?

तरी कलम ३९ आहे. व्यसनी माणूस याच छोट्या गुन्ह्यांत दोषी ठरला तर कोर्ट लगेच जेलला न पाठवता, त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन उपचाराला सोडू शकतं, आणि जास्तीत जास्त १ वर्षात उपचाराचा रिपोर्ट द्यायचा असतो. शिक्षा सुनावायच्या आधी वकिलाने उभं राहून हे मागायला हवं.

केस नशेची नाहीये, नशेसाठी मोबाईल चोरलाय. किंवा दारू पिऊन मारामारी.

६४ए इथे चालत नाही. दारूला तर तो लागूच नाही, कारण दारू एनडीपीएसमधे येत नाही. व्हाइटनर, सोल्युशन हुंगणारी पोरंही तशीच. पण उपचाराचा रस्ता बंद नाही. जामिनाच्या अर्जात उपचाराची तयारी लिहिता येते, आणि दोषी ठरल्यावर परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीत सोडता येतं. तो अधिकारी घरी चौकशीला येतो, त्याला उपचाराची फाइल दाखवा. वय २१ च्या आत असेल तर बहुतेक गुन्ह्यांत जेलला पाठवताना कोर्टाला कारणं लिहावी लागतात. १८ च्या आतला असेल तर तो बाल न्याय मंडळासमोरच गेला पाहिजे, शाळेचा दाखला घेऊन धावा.

बायकोला मारहाणीची केस असेल तर मात्र मी स्पष्ट सांगतो, व्यसनाचे उपचार म्हणजे मारहाणीची माफी नाही. उपचार त्याला मिळोत, पण केस मागे घे म्हणून तिच्यावर दबाव आणू नका. तिलाही फुकट वकील मिळतो, तिचा तिचा वेगळा.

उद्या सकाळी रिमांड आहे. आत्ता काय करू?

आधार कार्ड, जुने दवाखान्याचे कागद, चालू गोळ्यांची नावं, एफआयआरची प्रत (मिळाली असेल तर) एका पिशवीत भरा. कोर्टात साडेदहाच्या आधी पोचा आणि थेट विधी सेवेच्या ऑफिसात जा. वकिलाला तीन गोष्टी सांगा: वजन किती दाखवलंय ते बघा, त्याला टर्की किंवा फिटचा त्रास आहे म्हणून डॉक्टरकडे पाठवायला सांगा, आणि ६४ए. आज रात्रीच तो आत बेशुद्ध झाला, फिट आली असं कळलं तर सकाळची वाट बघू नका, पोलीस ठाण्यात जाऊन ड्युटी ऑफिसरला लेखी द्या, पोच घ्या, हॉस्पिटलला न्यायला लावा. आणि तुम्हाला स्वतःला सहन होत नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीत बोलतात, रात्रीही, पैसे लागत नाहीत.